खांद्यावरची बोटं

डॉक्टरांनी मला नोकरीवर घेतलं ते माझ्या वजनावर. हे मी गमतीनं म्हणत नाही. माझ्या खिशात कंपाउंडरीचं सर्टिफिकेट होतं, बार्शीच्या हेडमास्तरांचं शिफारसपत्र होतं आणि नवी टोपी घालून मी सकाळच्या गाडीनं सोलापुरात उतरलो होतो. त्यांनी कागदांना हातसुद्धा लावला नाही. मला घेऊन ते दवाखान्याशेजारच्या ज्वारीच्या वखारीत गेले, हमालाला काट्यावरचं पोतं उतरवायला लावलं आणि मला म्हणाले, "बस पारड्यात."

मी बसलो. बाजाराचा दिवस होता, बघायला माणसं गोळा झाली. हमालानं दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली आणि सांगितलं, "दीड मणाला दोन शेर कमी हाय, सायेब."

"चालेल," डॉक्टर म्हणाले. "दोन शेर आपण खाऊ घालू."

माझ्याआधीचा कंपाउंडर हुशार होता म्हणे, पण अगदीच काडी पैलवान. मागं असला हलका माणूस बसला की फुफाट्यात, म्हणजे रस्त्यावरच्या मऊ धुळीत, फटफटीचं मागचं चाक जागच्या जागी गरागरा फिरायचं आणि गाडी पुढं सरकायची नाही. म्हणून डॉक्टरांना औषधातलं कळणारा माणूस हवाच होता, पण त्याआधी वजनदार माणूस हवा होता. त्या दिवसापासून मी 'दीडमण्या' झालो. चार वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, याची मला आजही शंका आहे.

ही एकोणीसशे तीसनंतरच्या सालांतली गोष्ट. जिल्हा लोकल बोर्डानं डॉक्टरांना फिरत्या दवाखान्यावर नेमलं होतं. दवाखाना सोलापुरात, पण काम सगळं मंगळवेढ्याच्या आणि सांगोल्याच्या माळावर. तिकडं पाऊस पडला तर पडला, रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, आणि उन्हाळ्यात त्या चाकोऱ्यांत ढोपराएवढा फुफाटा. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की त्या गावांना बैलगाडीनं डॉक्टर पोचायचा तो माणसं पुरून झाल्यावर. पटकीचा रोगी सकाळी पडला तर संध्याकाळपर्यंत आटोपतो, त्याच्याकडं दोन दिवस नसतात. डॉक्टर चौदा सालच्या लढाईत इराकात, बसऱ्याला गेले होते. तिथं वाळवंटातून जखमींकडं औषधं पोचवायला ते फटफटी चालवायला शिकले, आणि इकडं आल्यावर लढाईतून मोडीत निघालेली एक दणकट, दोन सिलिंडरची फटफटी त्यांनी बोर्डाला घ्यायला लावली. ती ढकलायला दोन माणसं लागत. तिची डागडुजी करणारे मिस्त्रीचाचा म्हणायचे, "डाक्टरसाब, ये गाडी नहीं, हत्ती है. इसकू मेरे हवाले नको करो, माहुत ढूंढो."

डॉक्टरांचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असेल. उभट चेहरा, भर वैशाखात अंगात खाकी लोकरी कोट, डोळ्यांवर चामड्याच्या पट्ट्याचा चष्मा. लग्न केलं नव्हतं. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहायचे आणि तिथल्या वस्तूंच्या जागा ठरलेल्या होत्या. तांब्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, चिमटा ताटलीच्या उजवीकडं. मी एकदा आयोडिनची बाटली वीतभर सरकवून ठेवली, तर त्यांच्या हाताचा धक्का लागून ती खाली पडून फुटली आणि मला असा काही मार बसला की ज्याचं नाव ते. बोलण्याचा मार. हात त्यांनी कुणावर उचलला नाही.

गावात मात्र ते काठी उचलत. पटकीच्या गावात शिरलं की पहिलं काम घराघरातले पाण्याचे माठ फोडायचे. भरलेले माठ, ज्या गावात दोन कोसांवरून पाणी आणायचं त्या गावात. बाया शिव्या द्यायच्या, म्हाताऱ्या बोटं मोडायच्या. ते एक शब्द बोलायचे नाहीत. मग विहिरीत लाल औषध टाकायचे, मोठ्या हंड्यात पाणी उकळायला लावायचे आणि रोग्याजवळ बसायचे. मिठाच्या पाण्याची बाटली उंच धरायला मला उभं करायचे आणि सुकलेल्या हातातली शीर शोधायचे. शीर शोधताना त्यांचं नाक रोग्याच्या हाताला टेकायचं. पण सुई चुकलेली मी पाहिली नाही.

धीर देणं त्यांना जमत नसे. रोग्याची माणसं विचारायची, "वाचंल का, डागदरसाब?" ते म्हणायचे, "आत्ता जिवंत आहे." एवढंच. 'बरा होईल' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत, अगदी रोगी उठून बसला, भाकरी मागायला लागला तरी नाही. लोकांना याचा राग यायचा. मलाही यायचा.

आणखी एका गोष्टीसाठी लोक त्यांना गर्विष्ठ समजत. ते कुणाच्या नमस्काराला नमस्कार करत नसत. समोरून केला तर करत, पण बाजूनं कुणी हात जोडले तर ढिम्म. एकदा बोर्डाचे एक बडे गृहस्थ दवाखान्याच्या दारात बाजूला उभे राहून हसत होते आणि हे त्यांच्या अगदी अंगाजवळून सरळ निघून गेले. त्या गृहस्थांनी ते पुढं बरीच वर्षं मनात ठेवलं. कुणाशी बोलायचं झालं तर डॉक्टर सगळं अंग वळवून, तोंडासमोर तोंड आणून बोलायचे. मी त्याला लष्करी शिस्त समजत होतो. माझी अक्कल तेवढीच.

मागं बसण्याचे त्यांचे कायदे होते. वळणावर मागच्यानं पुढच्याबरोबर झुकायचं, उलट बाजूला झुकला तर दोघंही आडवे. पाय कधीही खाली टेकायचा नाही. बोलायचं नाही, कारण त्या हत्तीच्या आवाजात ब्रह्मदेव ओरडला तरी ऐकू जाणार नाही. जे सांगायचं ते बोटांनी. डावीकडून काही येत असेल तर डाव्या खांद्यावर टिचकी, म्हणजे ते गाडी उजवीकडं घेत. उजवीकडून येत असेल तर उजव्या खांद्यावर, म्हणजे गाडी डावीकडं. दोन्ही खांद्यांवर पंजे पडले की थांबायचं. बैल, माणूस, कुत्रं, दगड, काहीही असो, मागच्यानं बघायचं आणि पुढच्यानं हाकायचं.

"बसऱ्याला अशीच रीत होती," ते सांगायचे.

आणि फुफाट्याचा कायदा वेगळा. फुफाटा लागला की घाबरून गाडी हळू करायची नाही, करणारा पडतोच. वेग वाढवायचा. त्या वेळी मागच्यानं दोन्ही हात पाठीमागं नेऊन कॅरिअरच्या लोखंडी कड्या घट्ट धरायच्या आणि सगळं वजन मागच्या चाकावर टाकून रेलायचं. "फुफाट्यात बोटं बंद," असं त्यांचं वाक्य होतं. तेवढा टप्पा पार होईपर्यंत खांद्यावर काही नाही.

पहिलं वर्षभर मी हे सगळं एखादी विद्या शिकावी तसं शिकलो. मला गंमत वाटायची. सोलापूरच्या वेशीबाहेर पडलं की गिरण्यांचे भोंगे मागं राहायचे, बाभळी मागं राहायच्या आणि तो राक्षस आमच्याखाली धडधडत माळावर सुटायचा. माझी बोटं त्यांच्या खांद्यांवर असायची आणि ती फटफटी माझ्या बोटांच्या इशाऱ्यावर वळायची. बावीस वर्षांच्या पोराला आणखी काय हवं? मी माझ्या बायकोलासुद्धा बार्शीला पत्रात लिहिलं होतं, की फटफटी खरी मीच चालवतो.

ते किती खरं आहे हे मला दुसऱ्या उन्हाळ्यात कळलं. आम्ही एका ओढ्याकाठी जेवायला बसलो होतो. डॉक्टरांच्या डब्यात कायम कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, कारण ती चार दिवस टिकते आणि तिच्यावर माशी बसत नाही. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो होतो. भाकरीचा तुकडा मी त्यांच्या पुढं धरला. त्यांनी घेतला नाही. मी तसाच धरून राहिलो. ते समोर ओढ्याकडं बघत होते, त्यांचा हात जमिनीवर डबा चाचपत होता आणि भाकरी त्यांच्या गालापासून वीतभरावर होती.

"डॉक्टरसाहेब, तुम्हाला बाजूचं दिसत नाही?"

त्यांनी अंग वळवून माझ्यासमोर तोंड आणलं.

"तुझी आई चूल फुंकते ना? त्या फुंकणीतून बघ एकदा. तसं दिसतं. समोरचं स्वच्छ. सुईत दोरा ओवीन. बाजूचं काही नाही."

"कधीपासून?"

"बसऱ्याहून आलो तेव्हा परातीएवढं होतं. मग ताटाएवढं झालं. आता फुंकणी."

"मग तुम्ही गाडी..."

"बाजूचं बघायला तू आहेस की," ते म्हणाले आणि माझ्या हातातली भाकरी घेतली.

आता वाटतं, तेव्हाच मी दवाखान्यात परत येऊन कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं हेही मला दिसत होतं. डॉक्टरांना घरी बसवलं असतं. त्यांच्या जागी जो येईल तो माळावर जाणार नाही, गेला तर बैलगाडीनं जाईल. शीर शोधायला बाजूचं दिसावं लागत नाही, शीर समोर असते. एका बाजूला ही गावं आणि दुसऱ्या बाजूला एक आंधळा होत चाललेला माणूस, रस्त्यावर, साडेसात घोड्यांच्या यंत्रावर. मी गप्प राहिलो. खरं सांगायचं तर त्यात थोडा गर्वही होता, त्यांचे डोळे मी होतो हा. त्या दिवसापासून मात्र गंमत संपली. माझी मान सतत फिरायची, डोळ्यांत धूळ जाऊन ते लाल व्हायचे.

चौथ्या वर्षी मंगळवेढ्याच्या पलीकडं एका धनगरवाडीत साथ आली. पंधरा-वीस घरं, सगळी मेंढरांवर जगणारी. आम्ही तिथं आठ दिवस होतो, मधे औषधांसाठी फटफटीवर मंगळवेढ्याला येऊन-जाऊन. पहिल्या दोन दिवसांत काही माणसं गेली, पुढची वाचली. वाडीतला एक म्हातारा, सगळे त्याला आबा म्हणायचे, तर गेल्यातच जमा होता. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला. डॉक्टर त्याच्याजवळ दिवसभर बसले. त्याची सून उकळलेल्या पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी असायची, सांगितलं की आणून द्यायची. लग्न होऊन वर्ष झालं असेल तिला. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तिचे माठ फोडले तेव्हा तीच सगळ्यांत जास्त भांडली होती. नंतर तिनंच सगळ्या वाडीला पाणी उकळायला लावलं. डॉक्टर तिला 'कंपाउंडरीण' म्हणायचे, आणि ती पदर तोंडाला लावून हसायची.

नवव्या दिवशी आम्ही निघालो. नवा रोगी नव्हता. बाटल्या रिकाम्या होत्या. मुद्दाम सांगतो, त्या दिवशी कुणी मरत नव्हतं, आम्हाला कसलीही घाई नव्हती.

वाडीपासून थोड्या अंतरावर रस्ता दोन बाभळीच्या कुंपणांमधून जातो, आणि तिथं फुफाटा. डॉक्टरांनी वेग वाढवला. मी हात मागं नेले, कड्या धरल्या, मागं रेललो. मागचं चाक धुळीत रुतत होतं, उसळत होतं. तेवढ्यात डावीकडच्या कुंपणाच्या फटीतून एक कोकरू रस्त्यावर आलं आणि त्याच्यामागं ती. आबाची सून. हात पुढं करून कोकराच्या मागं, वाकून, आमच्याकडं न बघता. आवाज तिला ऐकू येत असणार, पण आठ दिवस ती तो आवाज ऐकत होती आणि आठ दिवस फटफटी तिला चुकवून जात होती.

मी ओरडलो. ओरडून उपयोग नाही हे मला माहीत होतं, तरी ओरडलो. मग डाव्या हातानं डावा खांदा शोधायला गेलो, तर डाव्या हाताची बोटं कडीत घट्ट बसलेली, निघेनात. उजवा हात सुटला. सुटला तसा मी तो मारला. उजव्या खांद्यावर.

उजवा खांदा, म्हणजे धोका उजवीकडं. डॉक्टरांनी मान वळवली नाही, क्षणभर थांबले नाहीत. चार वर्षांत माझं बोट चुकलं नव्हतं. त्यांनी गाडी डावीकडं घेतली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. मी धुळीत पडलो होतो, फटफटी आडवी पडून तिचं चाक फिरत होतं. डॉक्टर गुडघ्यांवर होते आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपत म्हणत होते, "कोण आहे? कुठं आहे? अरे, मला दाखव." ती त्यांच्या डाव्या हाताला चार पावलांवर होती. मी त्यांना खांद्याला धरून तिच्याकडं वळवलं. तिच्या पोटात रक्त जात होतं, आतल्या आत. त्यांनी कोट काढून तिच्या डोक्याखाली घातला, जे करता येण्यासारखं होतं ते केलं, ते फार नव्हतं. आबा आणि वाडीतली माणसं धावत आली. आबा अजून धड चालायला लागला नव्हता. त्यानं विचारलं, "वाचंल का?"

"आत्ता जिवंत आहे," डॉक्टर म्हणाले.

दोनदा त्यानं विचारलं आणि दोनदा त्यांनी हेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते काही बोलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं होतं. ते कोकरू आमच्याभोवती फिरत होतं आणि कुणी त्याला हाकलत नव्हतं.

पंचनामा झाला, आणि पंधरा दिवसांनी दवाखान्यातच चौकशी. चौकशीला आलेले साहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गाडी माझ्या हातात होती. बाई माझ्या गाडीखाली गेली." आणखी काही विचारलं तर हेच. मग साहेब माझ्याकडं वळले. त्या पंधरा दिवसांत मी धड जेवलो नव्हतो, धड झोपलो नव्हतो. बायको तेव्हा नुकतीच सोलापुरात राहायला आली होती, तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. मला एकच भीती होती, की साहेब विचारतील, तुम्ही मागं बसला होता, तुमच्या हातून काय झालं? मला तुरुंग दिसत होता.

"डॉक्टरांना ती बाई दिसली नाही का?" साहेबांनी विचारलं.

"त्यांना बाजूचं दिसत नाही, साहेब," मी म्हणालो. "चार वर्षं दिसत नाही."

डॉक्टरांनी आपलं सगळं अंग माझ्याकडं वळवलं आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"खरं आहे," ते साहेबांना म्हणाले.

मी जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. उरलेलं मी सांगितलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. उजव्या खांद्याचा विषय त्या खोलीत निघालाच नाही. साहेबांनी डॉक्टरांना खुर्चीत बसवून बाजूनं दौत धरली, मग पेन्सिल, मग स्वतःचा हात हलवला. डॉक्टर समोरच्या भिंतीकडं बघत म्हणत होते, "नाही. नाही. नाही." महिन्याभरात त्यांना नोकरीवरून कमी केलं. चौकशीच्या दिवशी साहेब जाताना माझी पाठ थोपटून गेले, असं धाडस सगळ्यांना होत नाही म्हणाले.

मी डॉक्टरांना भेटायला गेलो ते दोन महिन्यांनी. इतके दिवस तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्यांनी दवाखान्यामागच्या खोल्या सोडल्या होत्या आणि साखरपेठेत एका पद्मशाली विणकराच्या घरात माडीवर राहत होते. खाली हातमागांची खटखट चाललेली. मी दारात उभा राहिलो. पायांच्या आवाजावरून ओळखलं त्यांनी.

"ये, दीडमण्या. समोर बस. बाजूला बसू नकोस."

मी बसलो. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "उजवा हात का?"

"डावा कडीत अडकला होता."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "फुफाट्यात बोटं बंद, हे मीच तुला शिकवलं होतं. एक हात मोकळा ठेवायला शिकवायला हवं होतं. वजन थोडं कमी पडलं असतं, दुसरं काय. चूक माझी होती."

त्यांनी मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरून मोकळा झालो असतो. त्यांनी चूक अंगावर घेतली आणि माझ्या हातात काही ठेवलं नाही. मी उठून आलो. पुन्हा गेलो नाही, हे सांगायलाही शरम वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी दवाखान्याच्या पायरीवर आबा येऊन बसला. वाडीपासून मंगळवेढ्यापर्यंत पायी, तिथून सर्व्हिस मोटारीनं सोलापूर. खांद्यावर घोंगडी, ओठ फुटलेले. वाडीत पुन्हा पटकी लागली होती आणि त्याचा मुलगा, त्या सुनेचा नवरा, सकाळी पडला होता. नवे डॉक्टर चांगले होते, त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, उद्या सकाळच्या मोटारीनं मंगळवेढ्याला जाऊ, तिथून बैलगाडी बघू. एवढं बोलून ते आत गेले.

आबानं मला बाजूला घेतलं. "फटफटीवालं कुटं हायती?"

"ते आता नाहीत नोकरीवर, आबा. त्यांना काढलं."

"का?"

"त्यांना दिसत नाही."

"ते ठावं हाय मला. त्या दिशी बी न्हवतं दिसत. मी पडल्यालो तवा मला हातानं चाचपीत हुतं, तवाच वळकलं म्या." त्यानं घोंगडी सारखी केली. "सून गेली ती गेली. तिची येळ मी इसरलो न्हाय. पर तेच येत्यात वो हिकडं. दुसरं कुनी येत न्हाय. त्यांनला हाकायला सांगा, तुमी मागं बसा. तुमाला दिसतंय न्हवं? त्या दिशी तुमी वरडला हुता. तिला वाचवाया वरडला हुता. म्या लांबनं बगितलं."

वर्षभर जे डॉक्टरांशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं ते त्या पायरीवर, भर दुपारी, मी त्याला सांगितलं. डावा खांदा, उजवा खांदा, कडी, सगळं. ती डावीकडून आली आणि मी उजव्या खांद्यावर मारलं, म्हणून गाडी तिच्या अंगावर गेली. डॉक्टरांना दिसत नव्हतं, पण त्यांनी माझं ऐकलं. आणि मी चौकशीत हे न बोलता त्यांना दिसत नाही एवढंच सांगितलं, म्हणून त्यांची नोकरी गेली.

तो ऐकत होता. मी थांबल्यावरही थोडा वेळ तो माझ्या हातांकडं बघत राहिला. मला वाटलं तो थुंकेल माझ्यावर. मी तयार होतो.

"बरं," तो म्हणाला. "आता नीट मारा. पर चला. पोरगं अजून जित्तं हाय."

मी त्याला दवाखान्याच्या मागं नेलं. फटफटी तिथं पत्र्याखाली होती. बोर्डानं तिची दोन्ही चाकं काढून नेली होती आणि टाकीखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती. आबानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. रात्रभर तो दवाखान्याच्या ओट्यावर बसून होता.

सकाळच्या मोटारीनं आम्ही निघालो, नवे डॉक्टर, मी आणि तो. मंगळवेढ्यात बैलगाडी मिळायला दुपार झाली. मी गाडीवानाशेजारी बसून बैलांना हाकायला लावत होतो, नवे डॉक्टर बाटल्या सांभाळत होते. त्या बाभळीच्या कुंपणांमधून जाताना आबानं मान खाली घातली. वाडी दिसायला लागली तेव्हा तिकडून दोघंतिघं आमच्याकडं येत होते. कुणी पळत नव्हतं, आणि पुढच्यानं डोक्याचं मुंडासं उतरवून काखेत धरलं होतं. आबानं ते पाहिलं आणि गाडीवानाच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "आता हळू घे. बैलं दमल्याती."